पॉल एर्लिश: इओसिनोफिलला नाव देणारे डॉक्टर आणि तुमचा दमा

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टवर इओसिनोफिल हा शब्द तुम्ही पाहिला असेल. बोलताना आपण त्याला इस्नोफिल म्हणतो आणि ते वाढले की इस्नोफिलिया झाला असे सांगतो. मोठ्या वयात दमा सुरू झालेल्या रुग्णासाठी हा आकडा आज फार महत्त्वाचा आहे. कोणते औषध लागू पडेल, स्टेरॉइडच्या गोळ्या टाळता येतील का, महागड्या इंजेक्शनचा उपयोग होईल की पैसे वाया जातील, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते.

या पेशीला हे नाव दिले पॉल एर्लिश या जर्मन डॉक्टरांनी, १८७९ साली. त्यांना स्वतःला दमा नव्हता आणि दम्यावरचे औषधही त्यांनी शोधले नाही. तरी त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर डॉक्टर तुम्हाला आधी तपासणी आणि मग औषध असे का सांगतात, ते नीट कळेल.

रंगांच्या नादी लागलेला विद्यार्थी

एर्लिश यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा प्रशियात होता, आज तो पोलंडमध्ये आहे. त्यांच्या आईच्या माहेरचे कार्ल वायगर्ट हे त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. वायगर्ट पुढे नावाजलेले पॅथॉलॉजिस्ट झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावेत म्हणून त्यांना कृत्रिम रंगांनी रंगवण्याचे काम करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. रंगांचा नाद एर्लिश यांना त्यांच्यामुळे लागला.

तो काळ जर्मनीत रंगांच्या कारखान्यांचा होता. कोळशाच्या डांबरापासून कापड रंगवण्याचे नवनवे रंग तयार होत होते. एर्लिश ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग इथे वैद्यकशास्त्र शिकले, पण त्यांचा जीव पुस्तकांपेक्षा रंगांत रमायचा. एकच रंग शरीराच्या एका भागाला चिकटतो आणि शेजारच्या भागाला चिकटत नाही, असे का? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १८७८ मध्ये त्यांनी लाइपझिगला डॉक्टरेट मिळवली, तीसुद्धा शरीरातील पेशी रंगवण्याच्या शास्त्रावर प्रबंध लिहून.

१८७९: लाल दाणे असलेली पेशी

त्यानंतर एर्लिश बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रुजू झाले. तिथले प्रमुख फ्रेरिक्स यांनी त्यांना संशोधनासाठी मोकळीक दिली. एर्लिश काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरत, तो वाळवून उष्णता देत आणि मग त्यावर वेगवेगळे रंग घालून पाहत. तुमच्या रक्ताची स्लाइड लॅबमध्ये आजही साधारण याच पद्धतीने तयार होते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी रंगाशिवाय एकमेकींसारख्या दिसतात. काही पेशींत जाडसर दाणे असतात, एवढे आधीच्या लोकांनी पाहिले होते. एर्लिश यांनी इओसिन नावाचा रंग वापरला, तेव्हा काही मोजक्या पेशींतील दाणे झळझळीत लालसर झाले आणि बाकीच्या पेशी तशा झाल्या नाहीत. इओस ही ग्रीकांची पहाटेची देवता, म्हणजे आपल्याकडची उषा. पहाटेच्या लालीवरून रंगाला इओसिन नाव पडले होते आणि तो रंग ज्यांना आवडतो त्या पेशी झाल्या इओसिनोफिल. रंगांच्या मदतीने एर्लिश यांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. तुमच्या सीबीसी रिपोर्टवर न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल अशी जी टक्केवारी असते, तिचे मूळ या कामात आहे.

ही पेशी नेमके काय करते, हे मात्र त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते.

दम्याशी संबंध कसा जुळला

एर्लिश यांच्या शोधाआधीच, १८७२ मध्ये, लायडन या जर्मन डॉक्टरांनी दम्याच्या रुग्णांच्या बेडक्यात टोकदार स्फटिक पाहिले होते. त्याआधी फ्रान्सच्या शार्को यांनीही तसे स्फटिक पाहिले असल्याने त्यांना शार्को-लायडन स्फटिक म्हणतात. ते कशाचे बनलेले आहेत हे कळायला पुढे बराच काळ गेला. ते इओसिनोफिल पेशींतल्याच एका प्रथिनाचे असतात. १८८९ मध्ये दम्याच्या रुग्णांच्या बेडक्यात खुद्द इओसिनोफिल पेशी दाखवून दिल्या गेल्या. म्हणजे एर्लिश यांच्या रंगामुळे दहा वर्षांत या पेशीचे बोट दम्याकडे वळले.

आज आपल्याला कारणही माहीत आहे. इओसिनोफिलच्या दाण्यांत तीव्र स्वरूपाची प्रथिने असतात. जंतांसारख्या परजीवींशी लढताना ती कामाला येतात. पण श्वासनलिकेत या पेशी विनाकारण गोळा झाल्या, तर तीच प्रथिने नलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतात. मग नलिका सुजते, चिकट कफ साठतो आणि थोड्याशा धुराने किंवा थंड हवेनेही ती आकसते. दाण्यांच्या ज्या रासायनिक गुणामुळे इओसिन त्यांना चिकटतो, इजा करण्यामागेही तोच गुण आहे.

हा दमा कसा ओळखावा

सगळ्यांचा दमा सारखा नसतो. ज्या दम्यात इओसिनोफिलमुळे सूज येते, त्याला इओसिनोफिलिक दमा म्हणतात. मोठ्या माणसांत खालील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना त्याची शंका येते:

- दमा लहानपणी नव्हता, तिशी-चाळिशीत किंवा त्यानंतर सुरू झाला.
- नाक सतत चोंदलेले, सायनसचा त्रास, नाकात पॉलिप, म्हणजे लोक ज्याला नाकात मांस वाढणे म्हणतात ते.
- वास येणे कमी झाले किंवा बंद झाले. फोडणीचा, उदबत्तीचा वास कळत नाही.
- अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळीनंतर धाप लागते. असे सगळ्यांना होत नाही, पण झाले असेल तर ते लक्षात ठेवून प्रत्येक डॉक्टरांना सांगा.
- नियमित इन्हेलर घेऊनही वर्षातून अनेकदा दमा उसळतो.
- स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवसांत बरे वाटते आणि त्या थांबवल्या की त्रास परत येतो.

यातले एखादे लक्षण असले म्हणजे निदान झाले असे नाही. म्हणूनच मोजणी लागते.

स्वतःचाच बेडका तपासणारे डॉक्टर

मार्च १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. एर्लिश त्या सभेला हजर होते. त्यांनी लगेच तो जंतू रंगवण्याची अधिक सोपी आणि खात्रीची पद्धत शोधली. एकदा रंग चढला की आम्लाने धुतला तरी क्षयाचा जंतू तो सोडत नाही, हे त्यांनी ओळखले. आज टीबीसाठी बेडक्याची जी तपासणी होते, ती त्याच तत्त्वावर उभी आहे.

१८८३ मध्ये त्यांचे हेडविग पिंकुस यांच्याशी लग्न झाले आणि पुढे दोन मुली झाल्या. १८८५ मध्ये फ्रेरिक्स वारले आणि नव्या प्रमुखांच्या हाताखाली एर्लिश यांची मोकळीक गेली. १८८८ च्या सुमारास त्यांना खोकला जडला. त्यांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले, तेही त्यांनीच सुधारलेल्या तपासणीत. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. कोरडी, उबदार हवा हाच उपाय, म्हणून ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले. परतल्यावर नोकरी नव्हती. बर्लिनमध्ये त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली आणि पुढे कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

तिथे त्यांनी घटसर्पावरच्या लसद्रव्याचे, म्हणजे सीरमचे काम केले. बेरिंग यांनी सीरम शोधले होते, पण एका बाटलीतले सीरम जोरकस तर दुसऱ्यातले कमजोर, अशी स्थिती होती. सीरमची ताकद अचूक मोजण्याचे एकक एर्लिश यांनी ठरवून दिले. त्यामुळे घटसर्प झालेल्या मुलाला किती सीरम द्यायचे हे डॉक्टरांना खात्रीने सांगता येऊ लागले. १८९९ मध्ये त्यांची संस्था फ्रँकफर्टला हलली आणि १९०८ मध्ये प्रतिकारशक्तीवरील कामासाठी त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

नेमके लक्ष्य आणि ६०६ क्रमांकाचे औषध

एखादा रंग एकाच पेशीला चिकटतो, तर एखादे औषध फक्त रोगाच्या जंतूला का चिकटू नये? एर्लिश यांच्या पुढच्या कामाची दिशा या विचाराने ठरली. औषधाने रोग्याला इजा न करता नेमके लक्ष्य गाठावे, या कल्पनेला त्यांनी जादूची गोळी म्हटले. पेशीवर ठरावीक पदार्थ पकडणाऱ्या जागा असतात, ही रिसेप्टरची कल्पनाही त्यांच्याच विचारांतून पुढे आली.

१९०६ मध्ये फ्रांत्सिस्का श्पायर या विधवा बाईंनी पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून फ्रँकफर्टला नवी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे आर्सेनिकपासून शेकडो संयुगे तयार करून तपासली जात. रोज सहकाऱ्यांना कामाच्या सूचना ते रंगीत कार्डांवर लिहून देत. ६०६ क्रमांकाचे संयुग १९०७ मध्ये तयार झाले, पण आधीच्या तपासणीत ते निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले गेले. १९०९ मध्ये जपानहून आलेले डॉ. सहाचिरो हाता यांनी जुनी संयुगे पुन्हा तपासली. सिफिलिस झालेल्या सशांवर प्रयोग कसे करायचे, यात ते तरबेज होते. त्या तपासणीत ६०६ ने गुण दाखवला. १९१० मध्ये ते साल्व्हरसान या नावाने बाजारात आले.

औषध तेच होते. योग्य रोगावर, योग्य पद्धतीने तपासल्यावर त्याचा उपयोग दिसला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दम्यातही पुढे तसेच घडले.

साल्व्हरसान धोक्याशिवाय नव्हते. ते देणे अवघड होते, दुष्परिणाम झाले आणि एर्लिश यांच्यावर जाहीर आरोपही झाले. मात्रा आणि देण्याची पद्धत काटेकोर पाळण्याचा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १९१२ मध्ये त्यांनी देण्यास सोपे असे सुधारित औषधही आणले.

ते दिवसभर सिगार ओढत. तुम्हाला दमा असेल तर त्यांच्या या सवयीपासून मात्र दूर राहा. धूम्रपान करणाऱ्यांत इन्हेलरमधील स्टेरॉइडचा गुण कमी पडतो. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्यू असल्यामुळे नाझी काळात त्यांचे नाव रस्त्याच्या पाटीवरून काढले गेले आणि त्यांच्या पत्नीला जर्मनी सोडावी लागली. युद्धानंतर ते नाव परत आले आणि पुढे जर्मनीच्या २०० मार्कच्या नोटेवर त्यांचे चित्रही छापले गेले.

दम्याच्या औषधाला लक्ष्य सापडले

१९५८ मध्ये इंग्लंडमधील डर्बीचे डॉ. मॉरो ब्राउन यांनी दम्याच्या रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यांना स्टेरॉइड दिले. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते, त्यांनाच चांगला गुण आला. दम्यात आधी पेशी पाहा आणि मग औषध द्या, हे तेव्हाच दिसले होते. तरी नेहमीच्या उपचारात ते यायला अनेक दशके गेली.

इओसिनोफिलची वाढ इंटरल्युकिन-५ या शरीरातल्या पदार्थावर अवलंबून असते. तो अडवणारे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन तयार झाले. २००० आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत इओसिनोफिल कमी झाले, पण दम्याला म्हणावा तसा फरक पडला नाही. औषध फसले असे वाटू लागले. पण त्या चाचण्यांत रुग्ण निवडताना इओसिनोफिल वाढलेले आहेत का, हे पाहिलेले नव्हते. २००९ मध्ये इंग्लंड आणि कॅनडात दोन छोट्या चाचण्या झाल्या. त्यांत स्टेरॉइड घेऊनही ज्यांचे इओसिनोफिल वाढलेलेच होते, असेच रुग्ण घेतले. या वेळी दमा उसळण्याचे प्रमाण स्पष्ट घटले. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, म्हणजे एर्लिश यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. पुढे आलेले बेनरालिझुमॅब तर इओसिनोफिलवरच्या रिसेप्टरलाच जाऊन चिकटते.

ही इंजेक्शने भारतातही मिळतात, पण महाग आहेत आणि सर्वांसाठी नाहीत. इन्हेलर योग्य पद्धतीने आणि नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नाही आणि तपासणीत इओसिनोफिल वाढलेले आहेत, अशा रुग्णांसाठीच छातीचे तज्ज्ञ त्यांचा विचार करतात. वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्याने साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. त्या गोळ्या कमी करता येणे, हा या उपचाराचा मोठा फायदा आहे.

तुमचा रिपोर्ट कसा वाचाल

नुसती टक्केवारी पाहू नका. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ४०० होते. तिलाच अ‍ॅब्सोल्यूट काउंट किंवा एईसी म्हणतात.

लॅबच्या रिपोर्टवर साधारण ५०० पर्यंतचा आकडा नॉर्मल म्हणून छापलेला असतो. दम्यासाठी हिशेब वेगळा आहे. गंभीर दम्यात १५० किंवा त्याहून जास्त संख्याही डॉक्टर विचारात घेतात आणि ३०० च्या वर शंका बळावते. त्यामुळे आकडा लाल अक्षरात नाही म्हणून रिपोर्ट फेकून देऊ नका.

स्टेरॉइडच्या गोळीने ही संख्या झपाट्याने उतरते. शक्य असेल तर गोळ्यांचा कोर्स सुरू होण्याआधी किंवा तो संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासावे. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचे आहे. संख्या दिवसागणिक बदलते, म्हणून एकदा कमी आली तरी डॉक्टर दोन-तीनदा तपासायला सांगू शकतात. घरातले जुने सीबीसी रिपोर्ट जपून ठेवा. गोळ्या सुरू होण्याआधीचा एखादा रिपोर्ट फार उपयोगी पडतो.

याशिवाय फेनो नावाची तपासणी असते. त्यात यंत्रात फुंकर मारायची असते. श्वासातील नायट्रिक ऑक्साइड २० किंवा त्याहून जास्त आले, तर अशा सुजेची शक्यता वाढते आणि ५० च्या वर ते स्पष्टच जास्त समजतात. धूम्रपान करणाऱ्यांत हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. काही मोठ्या केंद्रांत बेडक्यातील इओसिनोफिलही मोजतात. तिथे २ टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण महत्त्वाचे मानतात.

इओसिनोफिल वाढण्याला दम्याखेरीज इतर कारणेही आहेत: जंत, अ‍ॅलर्जीची सर्दी, त्वचेचे विकार, काही औषधे. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोग आढळणाऱ्या भागात रात्रीचा खोकला आणि ३,००० च्या वर संख्या असेल, तर फायलेरियामुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया असू शकतो. त्याचे औषध पूर्ण वेगळे आहे. दम्यासोबत संख्या १,५०० च्या वर गेली आणि हातपाय बधिर होऊ लागले किंवा अंगावर जांभळट चट्टे आले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. त्यात नसांना आणि इतर अवयवांना इजा करणारा आजार असू शकतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना इतके विचारा: माझा दमा कोणत्या प्रकारचा आहे, माझी इओसिनोफिल संख्या किती आहे आणि ती मोजली तेव्हा मी स्टेरॉइड घेत होतो का? तोवर इन्हेलर चुकवू नका. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट जवळचे रुग्णालय गाठा.